रहस्य न फोडता रहस्यकादंबरीवर मत कसं लिहावं

गेल्या पावसाळ्यात वाचनालयातून एक रहस्यकादंबरी आणली. ४१व्या पानावर एका पात्राच्या नावाखाली पेन्सिलची रेघ होती आणि समासात दोन शब्द होते : ‘हाच खुनी’. उरलेली दोनशे पानं मी वाचून काढली, पण त्यात राम उरला नव्हता. ज्या कुणी ती रेघ मारली त्याला पुस्तकाबद्दल काहीतरी सांगायचं होतं, हे मला कळतं. पुस्तक संपलं की प्रत्येक वाचकाला बोलावंसं वाटतं. पण बहुतेकांच्या तोंडून एक तर शेवट बाहेर पडतो, नाहीतर ‘सस्पेन्स मस्त होता’ एवढंच. पहिल्यानं समोरच्याचं वाचन वाया जातं आणि दुसऱ्याचा कुणाला उपयोग नसतो.

गेली काही वर्षं मी रहस्य, थरार आणि किशोरवयीनांसाठीच्या कादंबऱ्या सलग वाचते आहे आणि प्रत्येकीवर आठ-दहा ओळींचं मत लिहून ठेवते. त्यातून जी रीत बसली, ती इथे सांगते.

पुस्तक हातात घेताना

फ्लोरा फाउंटनच्या किंवा माटुंग्याच्या किंग्ज सर्कलच्या पदपथावरून जुनं पुस्तक घेत असाल, तर पैसे देण्याआधी शेवटची पानं जागेवर आहेत ना बघा. इतर कुठल्याही पुस्तकात मागची चार पानं नसली तरी भागतं, इथे नाही. बघताना मजकुरावर तळहात ठेवायचा आणि फक्त पानांचे आकडे वाचायचे.

मलपृष्ठावरचा मजकूर वाचू नका. जाहिरातीच्या नादात तिथे कधीकधी निम्मी गोष्ट सांगून टाकलेली असते.

मग एक कार्ड करा. मी जुन्या लग्नपत्रिकांची कोरी बाजू कापून घेते, कागद जाड असतो आणि पुस्तकात खूण म्हणूनही चालतो. वर तारीख आणि हे पुस्तक का उचललं, एवढी एक ओळ. ‘मैत्रिणीनं सांगितलं म्हणून’ किंवा ‘मुखपृष्ठ आवडलं म्हणून’, जे खरं असेल ते. नंतर निराशा झाली तर ती पुस्तकाची चूक की आपल्या अपेक्षेची, हे या एका ओळीवरून कळतं.

आधी जात ओळखा

रहस्य आणि थरार एकाच मापानं मोजू नयेत. थरारपटांचा दिग्दर्शक आल्फ्रेड हिचकॉकनं फ्रेंच दिग्दर्शक फ्रान्स्वा त्रुफोला दिलेल्या मुलाखतीत हा फरक टेबलाखालच्या बॉम्बच्या उदाहरणानं समजावला आहे. दोन माणसं साध्या गप्पा मारत बसली आहेत आणि अचानक स्फोट झाला, तर प्रेक्षकाला पंधरा सेकंदांचा धक्का बसतो. पण बॉम्ब ठेवताना प्रेक्षकानं पाहिलं असेल, एक वाजता फुटणार हे त्याला ठाऊक असेल आणि भिंतीवरच्या घड्याळात पाऊण वाजला असेल, तर त्याच गप्पा तो पंधरा मिनिटं जीव मुठीत धरून ऐकतो.

म्हणजे रहस्यकथेत आपल्याला माहीत नसतं आणि ते शोधायचं असतं. थरारकथेत आपल्याला माहीत असतं, पात्राला नसतं. म्हणून ‘खुनी मला पहिल्याच प्रकरणात कळला’ ही तक्रार थरारकथेवर करता येत नाही. लेखकानं तो मुद्दामच सांगितलेला असू शकतो. कार्डावर ‘र’ किंवा ‘थ’ लिहून पुढे चला.

निम्म्यावर थांबा आणि अंदाज लिहा

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच. साधारण निम्मं पुस्तक झालं की थांबायचं आणि कार्डावर लिहायचं : मला कुणाचा संशय आहे, का, आणि कुठली गोष्ट खटकते आहे पण तिचा अर्थ लागत नाही. सोबत पानाचा आकडा.

कारण शेवट कळला की आठवण बदलते. ‘मला आधीच वाटलं होतं’ असं आपण अगदी मनापासून म्हणतो आणि ते बहुतेक वेळा खरं नसतं. शेवट सोपा होता की अवघड, लेखक प्रामाणिक होता की नाही, यावर बोलायचं तर शेवट माहीत नसताना आपण काय विचार करत होतो त्याचा लेखी पुरावा हवा.

एक उदाहरण देते. कादंबरीचं नाव सांगत नाही, कारण पुढच्या चार ओळींत ती फुटणार आहे. गिरगावातल्या जुन्या इमारतीत एक डॉक्टर आपल्या खोलीत मृतावस्थेत सापडतात. धाकटा भाऊ सांगतो, काल रात्री नऊला आम्ही गॅलरीत उभं राहून बोललो. २३व्या पानावर शेजारीण दार ठोठावते तेव्हा उंबऱ्याशी दुधाच्या दोन पिशव्या पडलेल्या असतात, ‘त्यातली एक टम्म फुगलेली’. महिना मे.

माझ्या कार्डावर ११२व्या पानाची नोंद आहे : ‘मुलगा. मृत्युपत्रामुळे. दुधाच्या पिशव्या दोन का? पाहुणे येणार होते?’ २५८व्या पानावर कळलं की फुगलेली पिशवी आदल्या दिवशीची होती. ती कुणी आत घेतलीच नाही, म्हणजे डॉक्टर आदल्या सकाळीच गेलेले होते आणि रात्री नऊच्या गप्पा खोट्या. मी पिशव्या दोन आहेत हे टिपलं, पण फुगलेली का हे विचारलं नाही. कार्ड नसतं तर आज मी छातीठोकपणे सांगितलं असतं की भावावर माझा पहिल्यापासून संशय होता.

संपल्यावर एक दिवस जाऊ द्या, मग पहिली पन्नास पानं पुन्हा वाचा

वाचून झाल्या झाल्या लिहू नका. शेवटाचा अंमल डोक्यावर असतो. दुसऱ्या दिवशी सुरुवातीची पन्नास पानं परत वाचा. अर्धा-पाऊण तास लागतो, पण मत इथेच पक्कं होतं.

रोनाल्ड नॉक्स हे इंग्रज धर्मगुरू स्वतः रहस्यकथा लिहीत. त्यांनी १९२९मध्ये या प्रकारासाठी दहा नियम मांडले. त्यातला पहिला असा की गुन्हेगाराचा उल्लेख कथेच्या सुरुवातीच्या भागात यायला हवा. आणखी एक असा की तपास करणाऱ्याला जो दुवा सापडेल तो लगेच वाचकासमोरही ठेवायला हवा. सगळे दहा आज पाळले जात नाहीत आणि जाऊही नयेत, पण हे दोन मी अजून धरून आहे. पन्नास पानं पुन्हा वाचताना एवढंच बघायचं : मला हरवलं ते समोर पत्ते ठेवून की अस्तनीत लपवून? दुधाची पिशवी समोर होती. दुसऱ्या एका कादंबरीत मात्र जुळा भाऊ शेवटच्या चाळीस पानांत उगवला, आणि तिथे मला फसवल्यासारखं वाटलं.

उलगडा कसा होतो तेही पाहा. तर्कानं होतो, की खुनी पिस्तूल रोखून वीस पानं स्वतःच सगळं सांगत बसतो? आजच्या काळातली गोष्ट असेल तर मोबाइल आणि इमारतीतला सीसीटीव्ही यांचं लेखकानं काय केलं? नेमक्या वेळी बॅटरी संपणं एकदा चालतं, तीनदा नाही.

एक मात्र सांगायला हवं. बारीक, भराभर वाचून होणाऱ्या रहस्यकथांना कमी लेखू नका. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. त्यांचा झुंजार आणि काळा पहाड यांच्यापायी कित्येक घरांतली माणसं वाचायला लागली. तिथे वेग हाच गुण असतो, आणि मतही वेगाबद्दलच द्यावं.

थरारकथेसाठी लोकलचं माप

थरारकथा मी मुद्दाम लोकलमध्ये वाचते. गोरेगावला चढले की कार्डावर स्टेशनं टिपते, म्हणजे डोकं कुठे कुठे वर काढलं ते. ‘अंधेरी ते दादर मान वर केली नाही’ ही नोंद ‘खिळवून ठेवते’ या शब्दांपेक्षा जास्त सांगते. राम मंदिर, जोगेश्वरी, अंधेरी अशी प्रत्येक स्टेशनला मान वर झाली असेल, तर मधला भाग सैल आहे, मग शेवट कितीही भारी असो. शिवाय खोट्या भीत्या मोजा. दारावर टकटक होते, प्रकरण संपतं आणि पुढच्या पानावर निघते वाटी मागायला आलेली शेजारीण. अशा तीनपेक्षा जास्त असल्या तर लिहून टाका.

किशोरांच्या कादंबरीवर एकट्यानं मत देऊ नका

यंग अडल्ट म्हणून जी पुस्तकं विकली जातात ती साधारण बारा ते अठरा वयासाठी असतात, आणि आपण मोठी माणसं ती एकतर कौतुकानं वाचतो नाहीतर उपदेश शोधत. दोन्हीत पुस्तक निसटतं. एस. ई. हिंटनची पहिली कादंबरी १९६७मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झाली तेव्हा ती स्वतः अठरा वर्षांची होती. त्या वयाचं आतून कळणं किती मोलाचं, ते यावरून ध्यानात यावं.

माझी भाची नववीत आहे. एका कादंबरीतल्या संवादांवर मी खूश होते. तिनं वीस पानं वाचली आणि म्हणाली, “मावशी, ही मुलगी मैत्रिणीला मेसेज करताना पूर्णविराम देते. असं कोण करतं? पूर्णविराम दिला की समोरच्याला वाटतं आपण चिडलोय.” मला हे कधीच दिसलं नसतं. त्या वयाच्या कुणाला तरी पुस्तक द्या आणि ‘आवडलं का’ असं विचारू नका, त्याचं उत्तर ‘हो’ येतं. ‘कुठे खोटं वाटलं?’ असं विचारा.

तुम्ही स्वतः एक गोष्ट पाहा : गाठ कोण सोडवतं? भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे अडचणीत स्वतः उडी मारतो आणि डोकंही स्वतःचंच चालवतो, म्हणून तो मुलांना आपला वाटतो. ज्या कादंबरीत शेवटच्या प्रकरणात इन्स्पेक्टरकाका येऊन सगळं निस्तरतात, ती मुलांच्या हाती देताना मला दोनदा विचार करावा लागतो.

आता लिहायचं

पुस्तकाच्या पहिल्या चतुर्थांशापुढचं काहीही सांगायचं नाही. ‘शेवटी जबरदस्त कलाटणी आहे’ हेही नाही. एवढं कळलं की वाचक प्रत्येक पानावर कलाटणी शोधत बसतो. दोष सांगतानाही जपा. ‘खुनी फार उशिरा येतो’ असं लिहिलंत की सुरुवातीची सगळी पात्रं निर्दोष ठरली. त्याऐवजी ‘उलगड्याला लागणारी माहिती वाचकाला वेळेवर मिळत नाही’ असं म्हणा.

दुधाच्या पिशवीच्या त्या कादंबरीवर मी लिहिलेलं मत असं आहे :

‘गिरगावातल्या जुन्या इमारतीत एका डॉक्टरांचा मृत्यू, आणि त्यांच्याभोवतीचं कुटुंब. तपास करणारी बाई पोलीस नाही, खालच्या मजल्यावर शिवणकाम करते, म्हणून तिला सगळ्या घरांत सहज शिरता येतं आणि ते पटतं. पहिली शंभर पानं रमतगमत जातात. उलगडा तर्कानं होतो. मागे जाऊन तपासलं, लेखकानं काही लपवलेलं नाही. बायकांचे संवाद खरे, वकिलाचे पुस्तकी. अवघड आहे. नववी-दहावीच्या मुलांना द्यायला हरकत नाही.’

नंतर भाचीनं ती कादंबरी वाचली. पुस्तक परत करताना तिचं कार्ड आत राहिलं होतं. निम्म्यापर्यंत ती थांबलीच नव्हती. पेन्सिलनं लिहिलं होतं : ‘पान २३. पिशवी फुगलीय म्हणजे कालची. आमच्याकडे मेमध्ये फ्रिज बंद पडला तेव्हा अशीच फुगली होती. मग काका रात्री कोणाशी बोलले?’

मी माझ्या मतातला ‘अवघड आहे’ हा शेरा खोडला आणि त्या जागी लिहिलं, ‘सावकाश वाचा.’