लायसन काढताना आणि काढल्यावर या चुका टाळा

लर्निंग लायसन हातात पडलं की सोलापुरात पोरं त्याच संध्याकाळी गाडी घेऊन सात रस्ता चौकात हजर. ड्रायव्हिंग शिकवताना ही चूक इतक्यांदा बघितली की आता सविस्तरच सांगतो. लर्निंग ही फक्त शिकण्यापुरती परवानगी आहे. कारला पुढे-मागे पांढऱ्या पाटीवर लाल ‘एल’ हवा आणि शेजारी पक्कं लायसन असलेला माणूस हवा.

आमच्याकडचा एक मुलगा, ज्याचा क्लच अजून झटक्यानं सुटायचा, तीन मित्रांना घेऊन वडिलांच्या कारनं तुळजापूरला निघाला. तामलवाडीच्या अलीकडे ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटरवर पाय पडला आणि गाडी दुभाजकावर चढली. देवीच्या कृपेनं कुणाला लागलं नाही. विम्याच्या सर्व्हेअरनं आधी विचारलं, शेजारी कोण बसलं होतं? चौघांत एकाकडंही पक्कं लायसन नव्हतं. क्लेम नामंजूर. वडील म्हणाले, “मालक, लर्निंगची मुदत होती की ओ!” मुदत होती, अट मोडली होती. रेडिएटरपासून बोनेटपर्यंत सगळा खर्च घरातून गेला.

लर्निंगनंतर ३० दिवसांनी पक्क्याची टेस्ट देता येते, पण लर्निंग ६ महिने चालतं. मग एकतिसाव्या दिवसाची घाई कशाला? संध्याकाळी पार्क चौकातल्या गर्दीत गाडी बंद न पाडता काढली, तरच मी टेस्टला पाठवतो. “टेस्ट न देता काम होईल का?” असं विचारणाऱ्याला मी ॲडमिशनच देत नाही. ते लायसन खिशात राहतं, रस्त्यावर ब्रेक कोण मारणार?

बिनगिअरच्या स्कूटीचं लायसन घेऊन बुलेट चालवू नका. कार्डावर गाडीचा प्रकार छापलेला असतो, तो वाचा.

अठरा वर्षांखालच्या मुलाला गिअरची गाडी देणाऱ्या पालकांनो, मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर मुलाच्या हातून या कायद्याखालचा गुन्हा घडला तर २५,००० रुपये दंड आणि ३ वर्षांपर्यंत कैद तुम्हाला आहे. गाडीची नोंदणी १२ महिने रद्द होते आणि मुलाला २५ वर्षांचा होईपर्यंत लायसन मिळत नाही. लाड दुसरीकडे करा.

मोबाईलमधला लायसनचा फोटो चालत नाही, डिजिलॉकर किंवा एमपरिवहन या सरकारी ॲपमधलं लायसन चालतं.

लायसनची मुदत संपल्यावर पूर्वी ३० दिवसांची सवलत होती, आता नाही. संपल्यावर एक वर्ष उलटलं तर पुन्हा टेस्ट. नूतनीकरण मुदतीच्या वर्षभर आधीपासून करता येतं, म्हणून दर दिवाळीला घरातल्या सगळ्यांची कार्डं काढून मी तारखा बघतो.