झटका दिला की ल्यूर वर पळायचा, त्याची गोष्ट

जिताडा माशासाठी ९ सेंटिमीटरचा तरंगता मिनो ल्यूर, म्हणजे छोट्या माशाच्या आकाराचं नकली आमिष, घेतला होता. खारफुटीच्या मुळांशी टाकून दोन झटके द्यायचो, थांबायचो, आणि तेवढ्यात हा पठ्ठ्या बुचासारखा वर. जिताडा बहुतेकदा त्या थांबण्यातच झडप घालतो, म्हणजे नेमक्या वेळी आमिष जागेवरून गायब!

उपाय स्वस्त निघाला. पुढच्या तीनतोंडी गळाच्या दांड्यावर सोल्डरची तार गुंडाळली. एक-एक वेढा वाढवत बादलीत सोडून पाहिलं. ल्यूर नाक किंचित खाली करून अधांतरी राहिला, तसा थांबलो. आधी मागच्या गळावर तार गुंडाळून पाहिली होती. शेपूट लोंबायला लागली आणि झटक्याला तो नुसता पुढे सरकायचा, डावी-उजवी वळणं गेलीच.

तरी खाडीवर पुन्हा वर आला. चूक माझीच: चाचणी नळाच्या पाण्यात केली होती आणि खारं पाणी जड, ते जास्त उचलतं. मग काठावरच खाडीचं पाणी बादलीत घेऊन आणखी दोन वेढे दिले. पावसाळ्यात खाडीचं पाणी गोडं होतं तेव्हा तेच वेढे सोडवावे लागतात, म्हणून तार चिकटवलेली नाही.

दुसरा बदल गाठीचा. नाकाच्या कडीला करकचून बांधलेली दोरी ल्यूरला वळू देत नव्हती. आता सैल फासाची गाठ मारतो. रॉडचं टोक खाली, छोटा झटका, लगेच दोरी सैल. सैल सोडायलाच मला सगळ्यात जास्त दिवस लागले.