या चुका टाळा: पेशंट ‘चक्कर येते’ म्हणाला, तिथंच थांबू नका

‘गरगरतंय’, ‘डोळ्यापुढं अंधारी येते’, ‘चालताना तोल जातो’. सोलापुरात रोज ही तिन्ही वाक्यं कानावर येतात आणि फाईलीत मात्र एकच शब्द उतरतो: चक्कर. घोळ तिथूनच सुरू होतो. कधी होतं, किती वेळ टिकतं, काय केलं की होतं, हे तीन प्रश्न आधी विचारा. मशिनी नंतर.

सगळ्यात जास्त बदनाम होते ती मान. विडी वळणाऱ्या एका मावशींनी गळ्यात दोन महिने पट्टा घातला होता. मांडीवर सूप घेऊन दिवसभर मान खाली, त्यात एक्स-रेमध्ये मणके झिजलेले. (साठीला कुणाचे झिजलेले नसतात?) त्यांना विचारलं, “फिरतं कधी?”

“उजव्या कुशीवर वळलं की. मिनिटभरात थांबतं बघा.”

उत्तर त्यातच होतं. कॉटवर बसवून मान उजवीकडे 45 अंश वळवली आणि झटकन आडवं केलं, डोकं कडेखाली जरासं लोंबतं. पाच-सहा सेकंद काहीच नाही. मग बुबुळं गोल फिरत वर उसळायला लागली आणि अर्ध्या मिनिटात शांत झाली. आतल्या कानातले कॅल्शियमचे बारीक कण जागा सोडून अर्धवर्तुळाकार नळीत शिरले की असं होतं. ही डिक्स-हॉलपाइक चाचणी. उपाय एप्लीची क्रिया, म्हणजे डोकं ठराविक क्रमानं वळवत ते कण परत जागेवर न्यायचे. इथं नवखे लोक हमखास चुकतात: एकाच बाजूला तपासतात, पहिले काही सेकंद थांबत नाहीत, पेशंटला डोळे मिटू देतात. एप्लीतही प्रत्येक स्थितीत निदान 30 सेकंद थांबायला हवं, घाई केली की कण अर्ध्या वाटेत राहतात. मानेचा खरोखर गंभीर त्रास असेल तर मात्र आधी डॉक्टरांना विचारा.

दुसरी चूक गोळ्यांची. प्रोक्लोरपेराझिन, सिनारिझिन उलट्या-गरगर जोरात असताना चार दिवस ठीक. महिनोन् महिने चालू ठेवल्या तर मेंदूची सावरायची प्रक्रिया मंदावते, म्हाताऱ्या माणसांत हातपाय कडक होणं, कापणं सुरू होऊ शकतं. डॉक्टरांशी बोलून कमी करा.

व्यायामाचंही तसंच. भिंतीवरच्या कॅलेंडरातल्या एका तारखेवर नजर ठेवून मान डावी-उजवी हलवायला सांगतो. थोडं गरगरणारच, त्याशिवाय मेंदू शिकणार कसा? पेशंट घाबरून बंद करतो आणि आपण समजावत नाही. तारीख पुसट दिसायला लागली तर वेग कमी. गरगर थोड्या वेळात ओसरली तर बरोबर चाललंय.

डायबेटिसवाले काका वेगळे. ते सांगतात, “मोरीत तोंडावर पाणी मारताना पुढं झोकांडी जाते.” डोळे मिटले की आधार सुटतो, कारण तळव्यांची जाणीव गेलेली असते. 128 हर्ट्‌झचा ट्यूनिंग फोर्क (ठोकला की थरथरणारा धातूचा चिमटा) पायाच्या अंगठ्यावर लावून थरथर कळते का बघा, व्हिटॅमिन बी-12 तपासायला सांगा. रॉम्बर्ग चाचणी (पाय जुळवून, डोळे मिटून उभं करायची) करताना हाताच्या अंतरावर उभे राहा, लांबून वही घेऊन नको.

उठून 3 मीटर चालून परत बसायला 12 सेकंद किंवा जास्त लागले तर पडण्याचा धोका धरा. पण ही चाचणी क्लिनिकच्या फरशीवर अनवाणी घेऊन काय उपयोग? पेशंटची रोजची घासलेली स्लीपर घालूनच चालवा.

मे महिन्यातल्या इथल्या उन्हात बीपीची गोळी घेणाऱ्यांचं बीपी आडवं असताना मोजा, मग उभं राहिल्यावर 1 आणि 3 मिनिटांनी. वरचं 20 किंवा खालचं 10 ने पडलं तर व्यायामाआधी औषधं बघायला डॉक्टरांकडे पाठवा.

आणि चक्करीसोबत बोबडी वळली, एकाचे दोन दिसले, अंगाची एक बाजू लुळी पडली किंवा बसताही येईना, तर एप्ली करत बसू नका. 108 ला फोन लावा आणि त्रास नेमका किती वाजता सुरू झाला ते चिठ्ठीवर लिहून सोबत द्या.