बिल उडवण्याआधी नेमकं काय विचारायचं

सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यासाठी मी बिलिंगचं सॉफ्टवेअर लिहिलं, तेव्हा प्रत्येक डिलीटवर एक खिडकी टाकली होती: ‘तुमची खात्री आहे का?’ खाली येस आणि नो. मला वाटलं, काम चोख झालं. चार महिन्यांनी तिथल्या दिवाणजींचा फोन आला. “ताई, चाटी गल्लीच्या पार्टीचं चलन दिसत नाही. मी तर काही उडवलं नाही.”

मी गेले, त्यांच्या शेजारी बसले आणि नुसती त्यांची बोटं बघत राहिले. माल, एंटर. डझन, एंटर. दर, एंटर. दिवसभर हेच. खिडकी उघडली की ती वाचायच्या आधीच बोट एंटरवर पडलेलं असायचं. मेसेजबॉक्समध्ये, म्हणजे विंडोजच्या तयार प्रश्नखिडकीत, आपण वेगळं सांगितलं नाही तर पहिलं बटण, म्हणजे येस, आधीच निवडलेलं असतं. चलन त्यांच्याच हातून गेलं होतं. पण त्यांना विचारलं होतं, असं मला म्हणवेना.

म्हणून आता कुठलाही डायलॉग, म्हणजे अशी विचारणारी खिडकी, लिहिण्याआधी मी आधीचे किती कमी करता येतील ते बघते. ‘सेव्ह करू का?’, ‘प्रिंट काढू का?’ हे सगळे काढून टाका. माणसाने प्रिंटचं बटण दाबलंय, त्याला प्रिंट हवीच आहे. जी गोष्ट परत आणता येते ती विचारू नका, होऊ द्या, आणि खालच्या पट्टीत लिहा: ‘चलन ४१२ उडवलं’, शेजारी ‘परत आणा’ असं बटण. त्यासाठी डेटाबेसमधली ओळ खरोखर पुसायची नाही, ‘रद्द’ असा एक रकाना ठेवायचा आणि त्यात खूण करायची. जीएसटीच्या बिलांना तर हे लागतंच, कारण क्रमांक ओळीने असावे लागतात. मधलाच एक नंबर गायब झाला तर हिशेब तपासणारा पहिला प्रश्न तोच विचारतो.

मग विचारायचं कुठे? जिथून मागे फिरता येत नाही तिथे. ई-वे बिल, म्हणजे माल गाडीने पाठवताना लागणारा जीएसटीचा ऑनलाइन परवाना, काढल्यापासून २४ तासांत रद्द करता येतं, आणि एकदा रद्द केलं की तेच बिल पुन्हा चालू होत नाही, नवीन काढावं लागतं. अशा ठिकाणी थांबवा, आणि थांबवताना नेमकं सांगा. ‘खात्री आहे का?’ या प्रश्नात बिल नाही, पार्टी नाही, रक्कम नाही. त्याऐवजी असं लिहा: ‘बिल ४१२, ६० डझन टॉवेल, ₹८६,४००. याचं ई-वे बिल रद्द होईल आणि गाडीसाठी नवीन काढावं लागेल.’ नंबर चुकला असेल तर माणूस रक्कम बघून थबकतो. आमच्या पूर्व भागात कितीतरी जण घरी तेलुगू बोलतात, मराठी वाचताना अंदाजाने पुढे जातात. त्यांना लांबलचक वाक्यापेक्षा आकडा लवकर कळतो.

आता मराठीतला एक खास सापळा. प्रश्न ‘बिल रद्द करायचं?’ आणि खाली बटणं ‘ठीक’ आणि ‘रद्द करा’. दुसरं बटण दाबल्यावर बिल रद्द होईल की प्रश्न? मी हे एका गिऱ्हाइकाकडे स्वतः पाहिलंय, आणि त्या मुलीने जे समजून बटण दाबलं ते पूर्ण बरोबर होतं. प्रोग्रॅमच चुकला होता. म्हणून बटणावर कामाचं नाव लिहा: ‘बिल रद्द करा’ आणि ‘बिल राहू दे’. प्रश्न न वाचताही नुसत्या बटणांवरून काय होणार ते कळलं पाहिजे.

साध्या मेसेजबॉक्समध्ये हे जमत नाही. त्याच्या बटणांवरचे शब्द विंडोजचे असतात, त्यामुळे इंग्रजी विंडोजवर वर मराठी आणि खाली येस-नो असं दिसतं. विंडोज फॉर्म्समध्ये, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या डॉट नेटमधल्या खिडक्या बनवायच्या साधनात, डॉट नेट ५ पासून, म्हणजे २०२० पासून, टास्क-डायलॉग नावाची खिडकी आहे. त्यात बटणांना स्वतःची नावं देता येतात. डिफॉल्ट बटण, म्हणजे आधीच निवडलेलं बटण, म्हणून ‘बिल राहू दे’ ठेवा आणि अलाउ-कॅन्सल चालू करा, म्हणजे एस्केप दाबून बाहेर पडता येतं. जुन्या फ्रेमवर्कवर असाल तर छोटा फॉर्म स्वतः बनवा. त्यात कॅन्सल-बटन (एस्केपला लागणारं) आणि ॲक्सेप्ट-बटन (एंटरला लागणारं) दोन्ही सुरक्षित बटणाला जोडा, आणि फॉर्म उघडताना फोकस, म्हणजे कीबोर्डची निवड, तीही त्याच्यावरच ठेवा. फोकस दुसऱ्या बटणावर असेल तर एंटर त्यालाच लागतो, ॲक्सेप्ट-बटन काहीही असो.

मेसेजबॉक्सच वापरायचा असेल तर निदान डिफॉल्ट दुसरं बटण करा. एक लक्षात ठेवा: येस-नोच्या खिडकीला एस्केप चालत नाही आणि वरची फुलीही बंद असते, माणूस कोंडला जातो. ओके-कॅन्सलला एस्केप चालतो. जावा स्विंगमध्ये (जावाच्या खिडक्यांच्या साधनात) लिहिणाऱ्यांनी उत्तर तपासताना ‘उत्तर येस आहे का’ असंच तपासावं. ‘नो नाही ना’ असं तपासलं तर फुली दाबून खिडकी बंद केलेलीही होकारात जमा होते.

एक जागा सगळे विसरतात. उन्हाळ्यात लाईट जाते, यूपीएस कुरकुरतो, कोणीतरी घाईने मशीन शटडाउन करतं. तेव्हा ‘बदल सेव्ह करायचे?’ म्हणून अडवून बसू नका. खिडकी बंद होताना चालणाऱ्या फॉर्म-क्लोजिंगमध्ये क्लोज-रीझन, म्हणजे बंद होण्याचं कारण, बघा, ते विंडोज-शटडाउन असेल तर न विचारता अर्धवट बिल मसुदा म्हणून साठवा आणि पुढच्या वेळी उघडून समोर ठेवा.

हे सगळं झालं की रोज नोंदी करणाऱ्या माणसाला बसवा, माउस काढून घ्या आणि नेहमीच्या वेगाने वीस बिलं करायला सांगा. मध्ये एक रद्द करायला सांगा. खिडकी उघडल्यावर त्यांचं बोट एंटरवर पडतं की डोळे आकड्यावर जातात, ते शेजारी बसून बघा. नव्या खिडकीवर दिवाणजींनी सवयीने एंटर दाबला तेव्हा बिल जागच्या जागी राहिलं, आणि मग त्यांनी खिडकी पुन्हा उघडून रक्कम मोठ्याने वाचली.