हात धुताय की नुसते ओले करताय?

तेलकट हात एकदा नुसत्या नळाखाली धरून बघा, पाणी वरून घरंगळून जातं आणि बुळबुळीतपणा आहे तिथेच राहतो. आपल्या कातडीवर तसाही थोडा तेलकट थर असतोच, मळ आणि जंतू त्याला चिकटून बसतात, त्यामुळे दोन सेकंद हात ओले केले आणि टॉवेलला पुसले म्हणजे धुतले असं होत नाही.

साबणाच्या रेणूचं एक टोक पाणी धरतं, दुसरं तेल, म्हणून चोळलं की तेल मळ जंतू सगळं सुटून पाण्याबरोबर वाहून जातं. फ्लू, कोरोनासारख्या व्हायरसचं तर बाहेरचं आवरणच चरबीचं असतं, ते साबणाने फाटलं की त्याचा खेळ खलास.

आता धुवायचे कसे, तर हात ओले करा (गार पाणी चालतं), नळ बंद करा, साबण लावा आणि निदान २० सेकंद चोळा. तळवे सगळेच चोळतात हो, राहतो तो अंगठा! एकदा माझ्या हाताला शाई लागली होती, मस्त फेस करून धुऊन आलो आणि बघतो तर अंगठ्याच्या बुडाशी शाई तशीच, म्हणजे इतकी वर्षं मी तो भाग धुतच नव्हतो. तेव्हा अंगठा दुसऱ्या हाताच्या मुठीत धरून गोल फिरवा, बोटांच्या बेचक्या आणि हाताची मागची बाजू घ्या, आणि बोटांची टोकं तळव्यावर खरवडल्यासारखी घासा म्हणजे नखांखाली फेस जातो. मग धुवा आणि नीट कोरडे करा, ओल्या हातावरून जंतू जास्त पसरतात.

अँटीबॅक्टेरियलच्या मागे लागू नका. अमेरिकेत एफडीएने (तिथल्या अन्न-औषध खात्याने) २०१६ साली ट्रायक्लोसानसकट १९ जंतुनाशक द्रव्यांपैकी कुठलंही असलेले असे साबण बाजारातून काढायला लावले, कारण ते साध्या साबणापेक्षा जास्त कामाचे आहेत हे कंपन्यांना दाखवताच आलं नाही.

सॅनिटायझर पाणी नसेल तेव्हा ठीक, अल्कोहोल ६० टक्क्यांच्या वर हवं. पण हात मळलेले असतील किंवा घरात कुणाला उलट्या-जुलाब होत असतील तर साबणच घ्या, उलट्या-जुलाब करणाऱ्या नोरोव्हायरसला चरबीचं आवरण नसतं आणि सॅनिटायझरला तो फारसा दाद देत नाही.

आणि साबणाची वडी सगळ्यांनी मिळून वापरली तरी चालते, फक्त ती पाण्यात गचगचीत पडू देऊ नका, भोकं असलेल्या डबीत ठेवा.