फाइलचा टाइप तपासला होता, तरीही

नोकरीला लागून आठ महिने झाले होते. एका कॉलेजच्या प्रवेशाचा ऑनलाइन फॉर्म मी एकट्याने लिहिला होता: फोटो, सही, दहावी-बारावीच्या मार्कशीट, उत्पन्नाचा दाखला. साधं पीएचपी (सर्व्हरवर चालणारी भाषा), अपाची (पानं देणारा वेब सर्व्हर), मायएसक्यूएल (डेटाबेस). एका सोमवारी सकाळी होस्टिंगवाल्यांची मेल आली की तुमच्या सर्व्हरवरून स्पॅम जातोय, म्हणून खातं बंद केलंय. अपलोड्सचं फोल्डर उघडलं तर विद्यार्थ्यांच्या फोटोंच्या रांगेत एक फाइल होती, तिच्या शेवटी डॉट जेपीजी नव्हतं, डॉट पीएचपी होतं. वेळ रात्री २ वाजून ४० मिनिटं. लॉगमध्ये आधी फॉर्म सबमिट झाल्याची एक ओळ, आणि त्यानंतर पहाटेपर्यंत त्याच फाइलला मारलेल्या शेकडो हाका, म्हणजे रिक्वेस्ट.

आणि मी टाइप तपासला होता. विसरलो होतो असं नाही. तपासला होता, आणि तपासला म्हणून निर्धास्त झोपलो होतो. ते आठवलं की आजही पोटात खड्डा पडतो.

तुम्हाला फॉर्म लिहिता येतो, मल्टिपार्ट (फॉर्मसोबत फाइल पाठवायची पद्धत) म्हणजे काय ते माहीत आहे, आलेली फाइल जागेवर ठेवता येते, असं मी धरून चालतो. ते नव्याने सांगत नाही. मी जिथे पडलो ती जागा मात्र नीट दाखवणार आहे, कारण अनुभवी लोकांच्या कोडमध्येही मला ती नंतर दिसली.

माझी ओळ अशी होती: पीएचपीच्या फाइल्स (आलेल्या फाइल्सची यादी) या अ‍ॅरेमध्ये 'टाइप' म्हणून जे येतं ते इमेज-स्लॅश-जेपेग असेल तर पुढे जा, नाहीतर एरर दाखव. वाचायला अगदी बरोबर वाटते. पण तो टाइप पीएचपीने काढलेला नसतो. पीएचपीने फाइल उघडूनही पाहिलेली नसते. ब्राउझर फॉर्म पाठवताना प्रत्येक फाइलच्या डोक्यावर कंटेंट-टाइप नावाची एक ओळ लिहितो, आणि पीएचपी ती ओळ जशीच्या तशी उचलून अ‍ॅरेत ठेवतं. मॅन्युअलमध्ये हे स्पष्ट लिहिलंय, की ही माहिती पीएचपी तपासत नाही, तिच्यावर विसंबू नका. ते पान मी उघडलं होतं. त्यातलं उदाहरण कॉपी केलं होतं. वरचं वाक्य वाचलं नव्हतं.

बरं, ब्राउझर तरी फाइल आतून बघतो का? नाही. तो साधारणपणे नावाच्या शेपटीवरून (शेवटच्या डॉटनंतरच्या अक्षरांवरून) आणि त्या संगणकावरच्या नोंदींवरून टाइप ठरवतो. म्हणून एकच सीएसव्ही फाइल एका संगणकावरून टेक्स्ट म्हणून येते, आणि एक्सेल टाकलेल्या विंडोजवरून एक्सेलची म्हणून येऊ शकते. फाइल तीच, बाइट तेच, फक्त वरची चिठ्ठी वेगळी.

आंब्याची पेटी घ्या. पेटीवर 'देवगड हापूस' छापलेलं असतं, ते पेटी भरणाऱ्याने छापलेलं असतं. बाजारात जाणारा माणूस पेटी उघडतो, फळ हातात घेतो, देठाशी वास घेतो. मी पेटीवरचं छापील वाचून पैसे देऊन मोकळा झालो होतो.

विश्वास बसत नसेल तर आज संध्याकाळी स्वतःच्या लॅपटॉपवर, स्वतःच्याच फॉर्मवर करून पाहा. एका पीएचपी फाइलमध्ये आजची तारीख छापणारी एक ओळ लिहा. मग ती ब्राउझरमधून न पाठवता कर्ल कमांडने (ब्राउझरशिवाय रिक्वेस्ट पाठवणारं साधन) पाठवा. कर्लमध्ये फाइलच्या नावानंतर अर्धविराम देऊन टाइप लिहिता येतो. तिथे इमेज-स्लॅश-जेपेग लिहा. तुमची तपासणी माझ्यासारखी असेल तर फाइल आत जाईल. मग ब्राउझरमध्ये तिचा पत्ता टाका. पानावर तारीख दिसली, तर त्या जागी दुसऱ्या कोणाचा काहीही कोड चालू शकतो. एचटीएमएलमधल्या, कोणत्या प्रकारच्या फाइल निवडू द्यायच्या हे ब्राउझरला सांगणाऱ्या 'अ‍ॅक्सेप्ट'ने आणि जावास्क्रिप्टच्या तपासणीने इथे काहीच अडत नाही, कारण कर्ल तुमचं पान उघडतच नाही. दोन्ही ठेवा, पण वापरणाऱ्याच्या सोयीसाठी ठेवा.

हे मला त्या सोमवारनंतर एका ताईने दाखवलं. ती दुसऱ्या टीममध्ये होती, माझी सीनियर नव्हती. तिने माझा कोड मलाच मोठ्याने वाचायला लावला आणि प्रत्येक ओळीला एकच विचारलं, "हे तुला कोणी सांगितलं?" टाइपच्या ओळीपाशी आल्यावर मी म्हणालो, "पीएचपीने." ती म्हणाली, "आणि पीएचपीला?" मी गप्प. माझं ठाम मत झालंय की तयार कोड पाठवणाऱ्या दहा मार्गदर्शकांपेक्षा तुमचा कोड तुमच्याकडून वाचून घेणारा एक शोधा. आणि 'आधी चालू कर, सिक्युरिटी नंतर बघू' म्हणणाऱ्या सीनियरचं ऐकू नका. अपलोडमध्ये 'नंतर' नसतं. फॉर्म लाइव्ह झाला त्या मिनिटापासून जगातला कोणीही तुमच्या डिस्कवर लिहू शकतो.

मग फाइल उघडून बघायची कशी? पीएचपीत फाइलइन्फो आहे, ५.३ पासून ते सोबतच येतं. ते सुरुवातीचे बाइट वाचून अंदाज सांगतं. जेपेगची सुरुवात एफएफ, डी८, एफएफ या तीन बाइटांनी होते. पीएनजीत पहिला बाइट ८९ आणि पुढे 'पीएनजी' ही तीन अक्षरं, पीडीएफमध्ये टक्क्याचं चिन्ह आणि 'पीडीएफ'. एकदा हेक्स एडिटरमध्ये (फाइलचे बाइट जसेच्या तसे दाखवणारं साधन) स्वतःच्या डोळ्यांनी पाहा, मग कधी विसरणार नाही.

इथे मी दुसऱ्यांदा पडलो असतो. फाइलइन्फो लावलं आणि मला वाटलं, संपलं. ताईने एक टेक्स्ट फाइल केली. पहिली सहा अक्षरं जीआयएफ८९ए, जी जिफच्या सुरुवातीला असतात, आणि पुढे पीएचपीची एक ओळ. फाइलइन्फो म्हणालं, जिफ इमेज. ते खोटं बोललं नाही, सुरुवात खरोखर जिफचीच होती. पण नाव डॉट पीएचपी असतं तर अपाचीने ती फाइल पीएचपीकडे दिली असती, आणि पीएचपीने आपला कोड सुरू होण्याच्या खुणेआधीचं सगळं जसंच्या तसं छापून पुढचा कोड चालवला असता.

तेव्हा मला कळलं की मी दोन वेगळे प्रश्न एक समजत होतो. ही फाइल काय आहे, हा एक. माझा सर्व्हर या फाइलचं काय करील, हा दुसरा. सगळी तपासणी पहिल्याचं उत्तर देते, आणि सर्व्हर जातो तो दुसऱ्यामुळे. दुसऱ्याचं उत्तर बहुतेक वेळा नावाच्या शेपटीवर ठरतं, आणि ती शेपटी मी विद्यार्थ्याने पाठवलेल्या नावातून उचलत होतो.

म्हणून शेपटी तुम्ही द्या. आतून जेपेग निघाली तर नाव तुम्ही बनवलेलं, कोणाला अंदाज येणार नाही असं, आणि शेवटी तुमच्या हाताने लिहिलेलं डॉट जेपीजी. चालणाऱ्या प्रकारांची यादी करा, न चालणाऱ्यांची नको. मी आधी न चालणाऱ्यांची केली होती, तिच्यात डॉट पीएचपी होतं, पण पीएचपी म्हणूनच चालू शकणारं डॉट पीएचटीएमएल आणि डॉट फार (phar) नव्हतं. अशी यादी कधीच पुरी होत नाही. लाराव्हेल (पीएचपीचं तयार फ्रेमवर्क) वापरणाऱ्यांनीही निर्धास्त राहू नये. तिथला 'माइम्स' नियम फाइलच्या आतलं बघून ठरवतो, वापरणाऱ्याने दिलेली शेपटी त्याच्याशी जुळते का हे तो तपासत नाही. 'गेट क्लायंट ओरिजिनल एक्स्टेन्शन' वापरून फाइल ठेवाल तर शेपटी पुन्हा वापरणाऱ्याच्याच हातात जाईल.

यापुढचं पाऊल लोक टाळतात, आणि मला त्याचाच सगळ्यात मोठा आधार वाटतो: अपलोड्स वेबच्या मुळाबाहेर ठेवा. ज्या फोल्डरला ब्राउझरमधून पत्ताच नाही, तिथे पडलेली फाइल कोणी हाक मारून चालवू शकत नाही. दाखवायची असेल तेव्हा तुमच्या स्क्रिप्टने ती वाचून द्यावी, आणि देण्याआधी मागणारा कोण आहे हे बघावं. मार्कशीट आणि उत्पन्नाचे दाखले आहेत ते. अवघड नाव म्हणजे कुलूप नव्हे.

'आमच्याकडे एचटीअ‍ॅक्सेस फाइल आहे, तिथे पीएचपी बंद केलंय' (अपाचीला त्या फोल्डरपुरत्या सूचना देणारी फाइल ती) असं कोणी म्हणालं तर त्याला जेक्वेरी फाइल अपलोडची गोष्ट सांगा. ब्लूइम्पचं हे प्लगइन प्रचंड वापरात होतं. त्याचा पीएचपी भाग अपलोड्सच्या बचावासाठी एचटीअ‍ॅक्सेसवर विसंबून होता. पण अपाचीने २.३.९ पासून 'अलाऊ ओव्हरराइड'चं मूळ सेटिंग बदलून 'नन' केलं होतं, म्हणजे मुद्दाम सांगितल्याशिवाय ती फाइल वाचलीच जात नाही. ही फट २०१८ मध्ये सुरक्षेच्या फटींच्या जाहीर यादीत सीव्हीई-२०१८-९२०६ म्हणून नोंदली गेली. प्लगइनमधली बचावाची फाइल जागेवरच होती, तिला विचारणारं कोणी नव्हतं. एनजिनएक्स हा दुसरा वेब सर्व्हर तर एचटीअ‍ॅक्सेस कधीच वाचत नाही. म्हणून सर्व्हर बदलला, हलवला, अपडेट केला की तारीखवाली चाचणी पुन्हा करा.

फोटोंच्या बाबतीत मी आणखी एक करतो. जीडीने (पीएचपीची चित्रांची लायब्ररी) फोटो उघडतो आणि नव्याने जेपेग म्हणून लिहितो. आत चिकटवलेलं बहुतेक सगळं गळून जातं, फोटो कुठे काढला ती जीपीएसची नोंदही जाते. उघडण्याआधी लांबी-रुंदी बघा, कारण काही केबींची फाइल उघडल्यावर सगळी मेमरी खाऊ शकते. पहिल्यांदा हे लावलं तेव्हा दुसऱ्या दिवशी कॉलेजातून फोन, अर्धी मुलं आडवी दिसतायत! मोबाइल फोटो फिरवत नाही, फिरवायचा कसा याची नोंद एक्झिफमध्ये (फोटोच्या फाइलमधल्या माहितीत) ठेवतो, आणि ती नोंद मीच पुसली होती. आधी ती वाचा, फोटो फिरवा, मग लिहा. एसव्हीजी (मजकुराच्या रूपात लिहिलेलं चित्र) मात्र मी घेतच नाही, त्यात स्क्रिप्ट असू शकते.

एवढं वाचून घाबरला असाल तर थांबा. हे सगळं मिळून शे-सव्वाशे ओळींचं काम आहे. एकदा नीट लिहिलं की पुढच्या प्रत्येक प्रकल्पात तेच नेता येतं. माझी नोकरीही गेली नाही. काय झालं, कसं झालं, किती फाइल्स बघितल्या, हे मी दोन पानांत खरं खरं लिहून दिलं, आणि पुढच्या वर्षीचा फॉर्मही मलाच मिळाला.

त्या फॉर्ममध्ये मी उलट्या बाजूने चुकलो, आणि ते मला जास्त लागलं. तपासणी इतकी कडक केली की साधी मुलं अडकली. सायबर कॅफेत मुलगी बसलीय, शेवटचा दिवस आहे, स्क्रीनशॉट पीएनजी आहे आणि फॉर्म जेपीजी मागतो म्हणून कॅफेवाल्याने फक्त नाव बदलून दिलंय. माझा फॉर्म म्हणायचा, 'अवैध फाइल'. त्या मुलीने करायचं काय? आता मी आतून पीएनजी निघाली तर मुकाट्याने जेपेग करून घेतो. आयफोनवरून हाइक (HEIC, आयफोनच्या फोटोंचा प्रकार) आली तर कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये काय बदलायचं ते मराठीत सांगतो.

आणखी एक त्रास. पोस्ट मॅक्स साइज, म्हणजे एका फॉर्ममधून पीएचपी किती माहिती घेईल ती मर्यादा, मुळात ८ एमबी असते. फाइल त्याहून मोठी आली तर पीएचपी फाइल्स आणि पोस्ट (भरलेली माहिती) हे दोन्ही अ‍ॅरे रिकामेच देतं. माझा फॉर्म ९ एमबीचा फोटो टाकणाऱ्यांना सांगत होता, 'कृपया नाव भरा'. नाव भरलेलं असायचं. लोक तीनतीनदा भरत होते. पोस्ट रिकामा आहे पण कंटेंट-लेंग्थ (पाठवलेल्या माहितीचा आकार) शून्य नाही, असं दिसलं की फाइल मोठी आहे असं सरळ सांगा.

आता माझ्याकडे चाचणीच्या फाइल्सचं एक फोल्डर आहे, आणि नवा फॉर्म त्या सगळ्यांतून गेल्याशिवाय मी लाइव्ह करत नाही. तारीख छापणारी पीएचपी, जिफचं तोंड असलेली टेक्स्ट, जेपीजी नावाची पीएनजी, आडवा फोटो, ९ एमबीचा फोटो. शेवटची आहे 'उत्पन्नाचा दाखला' नावाची पीडीएफ. डिस्कवरचं नाव माझंच असतं, पण विद्यार्थ्याने दिलेलं नाव मी दाखवण्यासाठी डेटाबेसमध्ये ठेवतो, आणि ते साफ करताना मी फक्त युनिकोडची 'अक्षरं' आणि मोकळ्या जागा ठेवल्या होत्या. काना, मात्रा आणि हलन्त युनिकोडमध्ये अक्षरांत येत नाहीत, खुणांच्या वर्गात येतात. त्यामुळे पडद्यावर यायचं 'उतपननच दखल'. खुणांचा वर्गही चालू केला, आणि आता ते नाव जसं दिलं तसं परत दिसतं.