कव्हरेज रिपोर्टचा चार्ट उलटासुलटा येत होता, असा सुटला

मी पीआरमध्ये (जनसंपर्क) आहे, दर महिन्याला क्लायंटला मीडिया कव्हरेजचा रिपोर्ट द्यावा लागतो. यावेळी दोन महिन्यांचा एकत्र होता आणि लाइन चार्ट नुसता वेडावाकडा, ०१.०८ च्या शेजारी ०१.०९ येऊन बसलेलं! तासभर डोकं खाल्लं मग कळलं की आमच्या ऑफिसातल्या पोराने तारखा टिंबं देऊन टाइप केल्यात, एक्सेल त्यांना तारीख नाही तर नुसता मजकूर समजतंय. कॉलम सिलेक्ट केला, डेटामध्ये टेक्स्ट टू कॉलम्स, तिसऱ्या स्टेपला डेट आणि डीएमवाय (दिवस-महिना-वर्ष), फिनिश. मग चार्टमागच्या पिव्होट टेबलला (एक्सेलने काढलेला डेटाचा गोषवारा) रिफ्रेश मारला, झालं.

दुसरी भानगड म्हणजे एकच बातमी पुणे, नाशिक, कोल्हापूर आवृत्तीत आली की तीनदा मोजली जायची, म्हणून आवृत्तीचा वेगळा कॉलम केला. पाय चार्टही काढून टाकला, बारा पेपरांचे बारा रंग कोण ओळखणार, त्याऐवजी आडवा बार चार्ट, महाराष्ट्र टाइम्ससारखी लांब नावंही नीट बसतात.

रिपोर्टच्या स्लाइड्सचा लेआउट एकदाच स्लाइड मास्टरमध्ये (सगळ्या स्लाइड्सचा साचा) लावला, डावीकडे कात्रण, उजवीकडे पेपर, तारीख, पान नंबर, कॉलम सेंटिमीटर (बातमीने पेपरात घेतलेली जागा).

जाहिरातीच्या रेटने काढलेली कव्हरेजची किंमत (तेवढ्याच जागेच्या जाहिरातीला किती पैसे पडले असते ते) मात्र क्लायंट अजून मागतोच, २०१० मध्येच बार्सिलोना प्रिन्सिपल्सने (पीआरचं काम कसं मोजावं याची आंतरराष्ट्रीय तत्त्वं) ती मोडीत काढली असली तरी. देतो बापडा, शेवटच्या स्लाइडवर.